दुखणे सांध्यांचे, झीज हाडांची



या सदरात आपण बहुधा व्यवहाराच्या गोष्टी बोलतो. ठेवीवर वारसाचे नाव लावणे, मृत्युपत्र, पेन्शनचा हयातीचा दाखला असे विषय माझ्या ओळखीचे. या वेळचा विषय मात्र आरोग्याचा आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेत शिकलो आणि सारी नोकरी बँकेत इतरांचे हिशेब तपासण्यात गेली. तरीही लिहितो आहे, कारण या विषयात माझ्या हातून झालेली एक चूक आहे आणि तीच चूक आपल्या अनेक घरांतून आजही होत असावी, अशी मला भीती वाटते.

तीर्थपुरीच्या आमच्या जुन्या घरात थोरल्या वहिनींचा संसार आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही हातांची बोटे सकाळच्या वेळी आखडू लागली. पहाटे ताक घुसळायला बसल्या की रवीच्या दोरीवर मूठ मिटत नसे. ऊन वर आले की बोटे हळूहळू मोकळी होत. बोटांची पेरे सुजलेली आणि मनगटे गरम लागत. ‘वय झाले की वात असायचाच,’ असे घरातल्या सर्वांनी ठरवून टाकले. त्या वेळी वहिनींचे वय पंचेचाळिशीच्याही आत होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे कोणीतरी एक ठिकाण सांगितले. तिथे वातावर पुडी मिळत असे. पुडीवर नाव नाही, आत काय आहे याचा उल्लेख नाही, बिल नाही. पण तीन दिवसांत वहिनींची बोटे चालू लागली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. मी त्या बाजूला नोकरीस होतो. ‘भाऊजी, पुड्या संपत आल्या बरं का,’ असा निरोप आला की मी पुढच्या खेपेस महिन्याच्या पुड्या घेऊन येत असे. हे काही वर्षे चालले. वहिनींचा चेहरा गोल झाला, गाल भरले. आम्ही समाधानाने म्हणत होतो, आता तब्येत सुधारली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी वहिनींनी अर्धी भरलेली कळशी ओट्यावरून उचलली आणि पाठीत अशी कळ आली की त्या तिथेच खाली बसल्या. पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या, कुठे आपटल्या नव्हत्या. चार दिवस शेक दिला, तेल लावले. वेदना थांबेना तेव्हा जालन्याला नेऊन एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका दबून चपटा झाला होता. डॉक्टरांनी वहिनींची वाकडी झालेली बोटे पाहिली, चेहरा पाहिला आणि विचारले, ‘सांध्यांसाठी आजवर काय घेत होतात?’ वहिनींनी पदराच्या गाठीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. आयुष्यभर व्हाउचरवर सही नसेल तर मी रुपयाही पुढे जाऊ दिला नव्हता. घरात मात्र नाव नसलेली पुडी मी स्वतःच्या हाताने आणून देत होतो.

त्यानंतर या आजाराविषयी जे ऐकले, वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते पुढे मांडतो.

वहिनींच्या आजाराचे नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपण त्यास संधिवात किंवा आमवात म्हणतो. वयोमानाने गुडघ्याची गादी झिजते तो संधिवात वेगळा. हा आजार शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या गैरसमजातून होतो. बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली ही यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारचे कूर्चा व हाड कुरतडू लागते. बहुधा हातापायांचे लहान सांधे आधी धरतात, तेही दोन्ही बाजूंचे सारखे. सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास, कित्येकदा त्याहून अधिक टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि पुष्कळदा तो तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कामाच्या वयात येतो.

हा शहरी किंवा श्रीमंतांचा आजार आहे, अशीही एक समजूत असते. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून एक पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चाललेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा ती भाग होती. चार हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या दुखण्यांविषयी विचारण्यात आले. साधारण दर पाच-सहा जणांमागे एकाला हाडांची, सांध्यांची वा स्नायूंची तक्रार होती आणि सुमारे अर्धा टक्का लोकांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता. अर्धा टक्का हा आकडा लहान दिसतो. पण दहा हजार प्रौढांच्या गावास हाच दर लावला तर पन्नास माणसे होतात. आपल्या ओळखीत असे एखादे माणूस असणारच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सांध्यांचे दुखणे सर्वांना दिसते. या आजारात हाडांचीही झीज होत असते आणि ती मात्र कोणाला दिसत नाही, कारण हाड मोडेपर्यंत ते दुखत नाही.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यात रोज जुने काढणे आणि नवे भरणे चालू असते. काही पेशी जुने हाड खरवडून काढतात, काही पेशी त्या जागी नवे हाड घालतात. आमच्या भाषेत सांगायचे तर एक नावे टाकणारा आणि एक जमा करणारा. साधारण तिशीपर्यंत जमा अधिक असते, काही वर्षे दोन्ही बाजू जुळतात आणि त्यानंतर हळूहळू शिल्लक कमी होऊ लागते. स्त्रियांत पाळी गेल्यानंतर ही घट वेगाने होते. हे सर्वांच्याच बाबतीत घडते.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये या हिशेबात गडबड होते. सुजलेल्या सांध्यातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहक द्रव्ये बाहेर पडतात. ती केवळ सांध्यापुरती राहत नाहीत, रक्तातून सर्व शरीरभर फिरतात. हाड खरवडणाऱ्या पेशींना त्यांच्यामुळे जोर चढतो आणि भरणाऱ्या पेशी मंदावतात. परिणाम तीन ठिकाणी दिसतो. सांध्याच्या कडेला हाडात खड्डे पडतात. सांध्याजवळचे हाड विरळ होते. आणि दुखत नसलेल्या जागीही, म्हणजे पाठीचे मणके, खुबा, मनगट अशा ठिकाणी, हाडांची घनता उतरते. वहिनींची तक्रार बोटांची होती आणि मोडला तो मणका, याचा उलगडा मला इथे झाला.

त्यात आणखी कारणे मिळतात. दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो. ज्या हाडावर भार पडत नाही ते हाड अशक्त होते आणि स्नायूही सुकतात. भूक कमी होते, वजन उतरते. पावले वाकडी झाल्यामुळे तोल जातो. ठिसूळ हाड आणि जाता तोल एकत्र आले की अपघात फार दूर नसतो.

या सर्वांवर कडी करणारे कारण म्हणजे स्टेरॉइड. याची कथा बोधप्रद आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका संधिवाताच्या स्त्री रुग्णास कॉर्टिझोन हे द्रव्य टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत दिल्यास हेच औषध काय करते, तेही लवकरच दिसू लागले. चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग सहज होतो आणि हाडे ठिसूळ होतात. हाड भरणाऱ्या पेशींवर स्टेरॉइडचा थेट परिणाम होतो, आतड्यातून कॅल्शियम शोषले जाणेही घटते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणून ‘थोडेच दिवस तर घेतो आहे’ हे समाधान पुरेसे नाही.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. योग्य वेळी, मोजून, शक्य तितक्या कमी मात्रेत व कमी काळ तज्ज्ञ डॉक्टर ते देतात आणि त्यामुळे रुग्ण सावरतात. दोष आहे तो मोजमाप नसलेल्या पुडीचा. वहिनींच्या भरलेल्या गालांना आम्ही सुधारलेली तब्येत समजलो, तो या औषधाचा परिणाम होता, असे डॉक्टरांनी सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड घाबरून एकाएकी बंद करायचे नसते. शरीर स्वतःचे तसे द्रव्य बनवणे थांबवते आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब खाली जाऊन जिवावर बेतू शकते. वहिनींनाही आधी मोजलेली गोळी सुरू करून ती पायरीपायरीने उतरवण्यात आली.

मग करावे काय? पहिली गोष्ट, मूळ आजाराचा दाह लवकर आटोक्यात आणणे. हाडांचे खरे रक्षण यातूनच होते. त्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत. ती वेदनाशामक नाहीत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि रक्ताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. येथे एक इशारा देतो. या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने प्राण गमावल्याची उदाहरणे आहेत. घरात कोणी ही गोळी घेत असेल तर तिचा वार दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, हाडांची शिल्लक तपासणे. डेक्सा नावाची तपासणी असते. टेबलावर दहा-पंधरा मिनिटे निजायचे असते, सुई टोचत नाहीत आणि किरणांची मात्रा अगदी अल्प असते. तिच्या अहवालात टी-स्कोअर हा आकडा येतो. तो उणे एकपर्यंत असेल तर हाड ठीक, उणे एक ते उणे अडीच यांच्या दरम्यान असेल तर विरळ आणि उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर ठिसूळ, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, असे मानतात. वहिनींचा आकडा उणे तीनच्या खाली होता. ही तपासणी आम्ही मणका दबल्यानंतर केली. ती त्यापूर्वी काही वर्षे व्हायला हवी होती.

इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात २००८ साली ‘फ्रॅक्स’ नावाची एक प्रश्नावली तयार झाली. येत्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका किती, याचा अंदाज ती देते. वय, वजन, पूर्वी मोडलेले हाड, आईवडिलांचा मोडलेला खुबा असे तिच्यात प्रश्न असतात. स्टेरॉइड घेता का, हा एक प्रश्न आहे आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. फॉर्म भरण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्यास यातून लगेच बोध झाला. एखाद्या गोष्टीला स्वतंत्र रकाना मिळतो तेव्हा ती स्वतंत्रपणे मोजण्याजोगी असते. स्टेरॉइड कधीही न घेतलेल्या रुग्णाच्या हाडांनाही या आजारामुळे धोका असतो.

तिसरी गोष्ट, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. प्रौढ माणसास दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या स्त्रियांना त्याहून थोडे अधिक. १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळही उपयोगी आहेत. आपल्या भागातील ज्वारीची भाकरी अनेक गुणांची असली तरी तिच्यात कॅल्शियम थोडेच असते. म्हणून भाकरीसोबत दूध, दही, ताक हवेच. ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवे. आमच्याकडे उन्हाला तोटा नाही, पण घरात वावरणाऱ्या आणि अंगभर पदर घेणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेपर्यंत ते पोहोचत नाही. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेतच औषध घ्यावे. अधिक घेतल्यानेही अपाय होतो.

येथे आपल्या आचाराचा प्रश्न येतो आणि तो मोकळेपणाने बोललेला बरा. बाजारातील काही कॅल्शियम गोळ्या शिंपल्यांपासून बनतात. कित्येक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. ड-३ हे जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. हे कळले की आपल्यातील काही मंडळी औषध गुपचूप बंद करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तसे करू नये. खनिज स्वरूपातील कॅल्शियम मिळते, कवच नसलेल्या भुकटीच्या पुड्या मिळतात, वनस्पतिजन्य पर्यायही आहेत. आपले बंधन डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला स्पष्ट सांगितले की मार्ग निघतो.

तीच गोष्ट तपाची. चोविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसतील अशा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते, हे ओळी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी असते. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घेऊन पुढे किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. तिच्यासाठी उपवास नसलेला वार निवडावा. स्टेरॉइड चालू असलेल्या व्यक्तीने तर डॉक्टरांना विचारल्यावाचून अठ्ठाईसारखा संकल्प करूच नये. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु आपल्याकडे तप शक्तीनुसार सांगितले आहे, आणि आजारी माणसाची शक्ती किती हे ठरवताना डॉक्टरांचे मत विचारण्यात कमीपणा नाही, असे मला वाटते.

शेवटी घरातील व्यवस्था. न्हाणीत खडबडीत फरशी आणि हाताला धरायला दांडी, रात्री उंबऱ्यापाशी दिवा, पायघोळ लुगड्याऐवजी घोट्यावर राहील असे नेसणे, या स्वस्त उपायांनी पुष्कळ हाडे वाचतात. रोज झेपेल तितके चालावे. ज्यांचा मणका दबला आहे त्यांनी पुढे वाकून वजन उचलू नये आणि वंदनाही खुर्चीवर बसूनच करावी. भाव महत्त्वाचा, कमरेचा कोन नव्हे.

वहिनी आता बऱ्या आहेत. मणक्याची उंची परत येत नाही, तशी त्यांचीही थोडी उंची गेली ती गेलीच. बोटे पूर्वीसारखी सरळ होणार नाहीत. पण सकाळचा ताठरपणा पुष्कळ कमी झाला आहे आणि वर्षभरात दुसरे हाड मोडलेले नाही. त्यांच्या औषधांची एक वही मी केली आहे. नाव, मात्रा, वार, कोणी दिले, कशासाठी दिले, असे रकाने पाडले आहेत. परवा मी नव्या गोळीचे पाकीट घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ते हातात घेण्याआधी विचारले, ‘भाऊजी, यावर नाव आहे ना?’ त्या हसत म्हणाल्या. मला मात्र हसता आले नाही. हा प्रश्न बारा वर्षांपूर्वी मी विचारायला हवा होता.

वाचकहो, आपल्या घरात कोणाची बोटे सकाळी आखडत असतील, तर ‘वात आहे’ म्हणून बसू नका, संधिवाताच्या तज्ज्ञास दाखवा. हा आजार आधीच असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा, ‘माझ्या हाडांची तपासणी केव्हा करायची?’ आणि ज्या पुडीवर नाव नाही ती कितीही गुणकारी वाटली तरी घरात आणू नका. आणणारा माझ्यासारखा घरचाच माणूस असेल, तर त्यालाही थांबवा.

पुढील अंकी पुन्हा आपल्या नेहमीच्या हिशेबाकडे वळू. जय जिनेंद्र.